सक्शनचे नियम तोंडपाठ, मग बेडजवळ पायऱ्या का सुटतात?

एका इन्चार्ज सिस्टरने विचारलंय: "आमच्या आयसीयूतल्या स्टाफची एन्डोट्रॅकियल सक्शनवर लेखी परीक्षा घेतली. जवळजवळ सगळ्यांना चांगले गुण पडले. त्यानंतर बेडजवळ उभं राहून चेकलिस्ट भरली, तर बऱ्याच पायऱ्या सुटताना दिसल्या. इतर ठिकाणी नर्सेस गाइडलाइन कितपत पाळतात? आणि आता पुन्हा ट्रेनिंग घ्यायचं का?"

एन्डोट्रॅकियल सक्शन म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबमध्ये बारीक नळी (कॅथेटर) घालून स्राव ओढून काढणं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं युनिट वेगळं नाही. प्रत्यक्ष बघून केलेल्या अभ्यासांत हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. आयर्लंडमध्ये ४५ आयसीयू नर्सेसचं सक्शन बेडजवळ उभं राहून पाहिलं होतं. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सक्शनआधीची तपासणी, आधी ऑक्सिजन वाढवणं, संसर्ग टाळण्याची काळजी, रुग्णाशी बोलणं आणि वापरलेला निगेटिव्ह प्रेशर (ओढण्याचा दाब), या सगळ्यांत शिफारशींपासून ठळक फरक आढळला. माहिती आणि कृती यांतलं अंतर या एका कामात खूप मोठं असतं, कारण हे काम दिवसातून अनेकदा, घाईत आणि हात गुंतलेले असताना होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र "घ्या" किंवा "नको" असं एका शब्दात देता येणार नाही. तुमच्या स्टाफने परीक्षेत दाखवून दिलंय की त्यांना माहीत आहे. जे माहीत आहे तेच पुन्हा शिकवल्याने बेडजवळचं काम बदलत नाही. खरा प्रश्न "किती टक्के पाळतात" हा नाही. कोणती पायरी सुटते आणि ती सुटायला त्या बेडजवळ काय कारणीभूत आहे, हा आहे. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त चुका युनिटच्या मांडणीतून येतात: ट्रॉलीवर काय ठेवलंय, चार्टमध्ये कोणता रकाना आहे, सक्शनचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा काटा चालतो का. त्यामुळे एकेक पायरी घेऊनच बोलू.

त्याआधी एक गोष्ट. तुमची चेकलिस्ट कोणत्या गाइडलाइनवरून बनवली आहे ते बघा. अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअरच्या २०१० च्या गाइडलाइनमध्ये मोठ्यांसाठी सक्शन प्रेशर १५० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा कमी ठेवा असं होतं. त्यांच्याच २०२२ च्या गाइडलाइनमध्ये मोठ्यांसाठी २०० पर्यंतची मर्यादा आली, आणि नवजात व लहान मुलांसाठी १२० ची. म्हणजे १८० वर सक्शन करणारी सिस्टर जुन्या कागदावर नापास आणि नव्या कागदावर पास. कित्येक पाठ्यपुस्तकांत आणि युनिटच्या फाइलींत अजून ८० ते १२० लिहिलेलं असतं. तुमच्या युनिटचा एक आकडा लेखी ठरवा, मगच कोणाला चूक म्हणा. नाहीतर तीन वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेल्या तीन सिस्टर तीन वेगवेगळे आकडे बरोबर समजून वापरत असतील.

आता पहिली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी: सक्शन लागणार आहे का, हे ठरवणं. दोन्ही गाइडलाइन स्पष्ट सांगतात की सक्शन गरजेप्रमाणे करायचं, घड्याळाप्रमाणे नाही. प्रत्येक वेळी कॅथेटर आत जातो तेव्हा काहीतरी किंमत मोजावी लागते. ऑक्सिजन उतरतो, फुप्फुसाचा काही भाग मिटतो, श्वासनलिकेच्या आतल्या त्वचेला ओरखडा बसतो, व्हेगस नर्व्ह चेतवली गेली तर हृदयाचे ठोके मंदावतात, आणि रुग्णाला दुखतं. स्राव असेल तर ही किंमत मोजणं योग्यच. स्राव नसताना ती कशासाठी मोजायची?

गरज कशी ओळखायची? ट्यूबमध्ये स्राव डोळ्यांनी दिसणं, छातीवर आणि विशेषतः श्वासनलिकेवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर खरखर ऐकू येणं, आणि व्हेंटिलेटरच्या फ्लो वेव्हफॉर्मवर करवतीच्या दात्यांसारखी रेघ येणं, ही त्यातल्या त्यात भरवशाची लक्षणं आहेत. व्हॉल्यूम मोडवर (दर श्वासाला ठरावीक हवा देताना) पीक प्रेशर, म्हणजे श्वास आत जातानाचा सर्वांत जास्त दाब, चढलं आणि प्लॅटो, म्हणजे हवा आत थांबलेली असतानाचा दाब, तेवढंच राहिलं, तर वाटेत अडथळा आहे असं समजायचं. तो स्राव असू शकतो, ट्यूब मुडपलेली असू शकते, रुग्ण ती चावत असू शकतो किंवा ब्रॉन्कोस्पाझम (श्वासनलिका आकसणं) असू शकतो. करवतीच्या रेघेबद्दल एक खबरदारी: सर्किटमध्ये साचलेलं पाणीही हुबेहूब तशीच रेघ काढतं. म्हणून आधी पाणी काढा, मग रेघ पुन्हा बघा. हे न केल्याने किती तरी निरर्थक सक्शन होतात. नुसत्या खोकल्यावर किंवा नुसत्या सॅच्युरेशनच्या घसरणीवर जाऊ नका. त्यांची कारणं दहा असतात.

ही पायरी सुटण्याचं कारण बहुतेक वेळा चार्टमध्ये सापडतं. चार्टवर दर दोन तासांचा "सक्शन" असा रकाना छापलेला असतो. रिकामा रकाना म्हणजे काम राहिलं, असं सगळेच समजतात. राऊंडला तो रिकामा दिसला की विचारणा होते. मग सिस्टर सक्शन करते आणि टिक मारते. यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रकाना बदला. "तपासलं", "सक्शन लागलं का", "कशावरून ठरवलं" असे तीन छोटे रकाने करा. तपासणी दर एक-दोन तासांनी व्हायलाच हवी, सक्शन नाही. आणि डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये "दोन तासांनी सक्शन" असं लिहिलं जात असेल, तर ते बदलण्याची चर्चा डॉक्टरांबरोबरच करावी लागेल. ती जबाबदारी स्टाफच्या डोक्यावर टाकू नका.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. गरजेप्रमाणे म्हणजे विसरून जाणं नाही. दाट स्राव असलेल्या रुग्णात, विशेषतः नुसत्या फिल्टरवर म्हणजे एचएमईवर (श्वासातलीच उष्णता आणि ओलावा परत देणाऱ्या) असताना, ट्यूबच्या आतल्या भिंतीवर थर चढत जातो आणि ती हळूहळू अरुंद होते. बाहेरून बराच वेळ काहीच कळत नाही. म्हणून ट्यूब मोकळी आहे का हे बघायला आठ तासांतून किमान एकदा कॅथेटर घालावा, असंही सुचवलं जातं. कॅथेटर अडखळत आत जात असेल तर तो इशारा आहे, लगेच कळवायचं. रात्रपाळीत ट्यूब बंद पडेल या भीतीने जास्त सक्शन करणाऱ्या स्टाफला हा नियम धीर देतो.

दुसरी पायरी, आधी ऑक्सिजन वाढवणं. मोठ्यांमध्ये सक्शनआधी ३० ते ६० सेकंद आणि नंतर साधारण मिनिटभर १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा. तो व्हेंटिलेटरच्या बटणाने द्या. ट्यूब सुटी करून अम्बू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) देऊ नका, कारण त्यात पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकवलेला दाब, जातो आणि दाब हातानुसार बदलतो. बऱ्याच व्हेंटिलेटरवर हे बटण ठरावीक वेळ चालतं आणि आपोआप मूळ पातळीवर येतं, त्यामुळे नंतर कमी करायला विसरण्याची भीती राहत नाही. नवजात बाळांत मात्र सरसकट १०० टक्के देत नाहीत. चालू पातळीपेक्षा साधारण १० टक्क्यांनी वाढवतात, कारण त्यांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना जादा ऑक्सिजन घातक ठरतो.

हे सगळ्यांना माहीत असतं, मग का सुटतं? हातांच्या क्रमामुळे. सिस्टर हात धुते, निर्जंतुक ग्लोव्ह घालते, कॅथेटर काढते, आणि मग लक्षात येतं की बटण दाबायचं राहिलं. आता बटण दाबलं तर ग्लोव्ह दूषित, नाही दाबलं तर ऑक्सिजन राहिला. दोन्हीपैकी एक चूक होणारच. क्रम बदलला की दोन्ही मिटतात: रुग्णाला सांगा, रेग्युलेटर चालू करून प्रेशर बघा, कॅथेटरचं पाकीट जोडणीच्या टोकाकडून थोडं उघडून सक्शन ट्यूबला जोडून ठेवा, १०० टक्के बटण दाबा, हात निर्जंतुक करा, ग्लोव्ह घाला. हँडरबला २०-३० सेकंद लागतात आणि ग्लोव्ह घालायला थोडा वेळ, तेवढ्यात ऑक्सिजनची वेळही भरते. वेगळं थांबावं लागत नाही. हा क्रम छापून व्हेंटिलेटरवर चिकटवला तर ट्रेनिंगच्या तासाभरापेक्षा जास्त उपयोग होतो, असं मला वाटतं.

कॅथेटरचा आकार. मोठ्यांत आणि मुलांत कॅथेटरने ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा कमी जागा अडवावी, नवजात बाळांत ७० टक्क्यांपेक्षा कमी. फ्रेंच आकडा म्हणजे बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये गुणिले तीन. म्हणून सोपा हिशोब असा: ट्यूबचा नंबर (आतला व्यास मिलिमीटरमध्ये) गुणिले तीन, भागिले दोन, आणि उत्तराएवढा किंवा त्याच्या खालचा मिळणारा नंबर घ्यायचा. ८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंच, म्हणजे पांढऱ्या रंगाचा. ७ च्या ट्यूबला साडेदहा येतात, म्हणून १० फ्रेंच, काळा. साडेसातला उत्तर सव्वाअकरा येतं, तेव्हा काटेकोर बोलायचं तर १० च. १२ फ्रेंच तिथे निम्म्याच्या किंचित वर जातो. आता हिरवा १४ फ्रेंच बघा. त्याचा व्यास जवळजवळ ४.७ मिलिमीटर. तो नियमात बसायला ट्यूब ९.३ मिलिमीटरची हवी. म्हणजे नेहमीच्या वापरातल्या कोणत्याही ट्यूबला हिरवा कॅथेटर बसत नाही. तरी तो कित्येक ट्रॉलींवर सगळ्यात वरच्या कप्प्यात असतो.

ट्यूब अरुंद आणि कॅथेटर जाड असला की बाजूने हवा आत यायला वाट उरत नाही. सक्शन मग स्रावाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढतं आणि लहान वायुकोश मिटतात. सक्शननंतर सॅच्युरेशन पडून लवकर वर येत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

स्टाफ जाड कॅथेटर का उचलतो, तेही समजून घ्या. दाट स्राव बारीक कॅथेटरमधून निघत नाही, हा त्यांचा अनुभव खरा आहे. नळीचा व्यास थोडा घटला तरी प्रवाहाला होणारा अडथळा पटींनी वाढतो. पण त्यावरचा उपाय स्राव पातळ ठेवणं हा आहे, जाड कॅथेटर हा नाही. गरम ह्युमिडिफायर वापरत असाल तर रुग्णाकडे जाणाऱ्या हवेत दर लिटरला ३३ ते ४४ मिलिग्रॅम पाण्याची वाफ हवी. एचएमई वापरत असाल तर किमान ३० मिलिग्रॅम देणारा हवा. स्राव घट्ट होत चालला असेल तर एचएमई काढून गरम ह्युमिडिफायर लावायचा का, हे डॉक्टरांना विचारा. ह्युमिडिफायर बंद राहिलाय, चेंबरमधलं पाणी संपलंय, हेही दर पाळीला बघायला हवं. कॅथेटरच्या आकाराची चूक दुरुस्त करायला भांडारातून येणाऱ्या मालाची यादी बदला. आयसीयूच्या बेडजवळून १४ फ्रेंच काढून टाका आणि प्रत्येक बेडच्या पाटीवर ट्यूबच्या नंबरशेजारी कॅथेटरचा नंबर लिहा. चुकायला जागाच ठेवू नका.

सक्शन प्रेशरबद्दल एक बारीक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकं क्वचित ठळक करतात. प्रेशर लावताना सक्शनची नळी मुडपून किंवा टोकावर बोट ठेवून बंद करायची आणि मग काटा वाचायचा. नळी उघडी असताना काटा कमी दाखवतो. उघड्या नळीवर १२० लावलं तर कॅथेटरचं तोंड त्वचेला चिकटताच खरा दाब त्याहून कितीतरी वर जातो. तेव्हा श्वासनलिकेची आतली त्वचा ओढली जाते आणि स्रावात ताजं रक्त दिसायला लागतं. काटा बिघडलेला असेल किंवा नॉब पूर्ण उघडा ठेवायची सवय असेल, तर भिंतीतल्या लाइनचा सगळा दाब थेट रुग्णावर जातो. याच्या उलट, जारचं झाकण नीट न बसणं, जार भरून फ्लोट वर येणं किंवा नळीला भेग असणं यामुळे ओढच लागत नाही, आणि मग स्टाफ प्रेशर वाढवत राहतो. बोट ठेवून काटा वाचला की गळतीही तिथेच कळते.

एककही तपासा. काही रेग्युलेटर किलोपास्कलमध्ये असतात. १५० मिलिमीटर पारा म्हणजे २० किलोपास्कल, २०० म्हणजे साधारण २७. एकाच युनिटमध्ये दोन प्रकारचे रेग्युलेटर असतील तर डायलवर मर्यादेच्या ठिकाणी लाल रेघ मारा. आकडे आठवत बसायला नकोत.

आता आत घालण्याची खोली आणि वेळ. शक्यतो उथळ सक्शन करायचं, म्हणजे कॅथेटरचं टोक ट्यूबच्या टोकापर्यंत किंवा जेमतेम बाहेर. खोल, म्हणजे अडेपर्यंत घालून मग मागे घेणं, हे उथळने भागलं नाही तरच. अडेपर्यंत घातलेला कॅथेटर कॅरिनावर, म्हणजे श्वासनलिका दुभंगते त्या जागी, आपटतो. वारंवार आपटलं की तिथे जखम होते. उथळ करायचं म्हणजे मोजमाप लागतं आणि इथेच अडतं, कारण बेडजवळ कुणी मोजत नाही. त्याच नंबरची एक सुटी ट्यूब कनेक्टरसकट घ्या, कॅथेटर त्यात घालून टोकाशी टोक जुळवा, बाहेर किती सेंटिमीटरवर खूण येते ते पाटीवर लिहा. क्लोज्ड सक्शन (ट्यूबला कायम जोडलेला, पिशवीत बंद कॅथेटर) असेल तर त्याचा जोडही मोजमापात धरा. ट्यूब कापलेली असेल तर तेवढी लांबी वजा करा. ट्रॅकिओस्टॉमी ट्यूब (गळ्याला छेद देऊन घातलेली) बरीच आखूड असते, तिथे ईटी म्हणजे एन्डोट्रॅकियल ट्यूबची सवय वापरली तर कॅथेटर हमखास खोल जातो.

वेळ एका फेरीला १५ सेकंदांपेक्षा जास्त नको. ही वेळ कॅथेटर आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंतची धरायची. बरेच जण फक्त अंगठा दाबल्यापासून मोजतात, त्यात आत घालण्याची पाच-सहा सेकंदं निसटतात. आत घालताना सक्शन बंद, बाहेर काढताना चालू. दोन फेऱ्यांच्या मध्ये सॅच्युरेशन आणि पल्स पूर्ववत येऊ द्या, आणि एका वेळी दोन, फार तर तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीनंतरही स्राव येत असेल तर चौथी घालण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण प्रश्न मग सक्शनचा राहत नाही. पल्स एकदम पडली तर कॅथेटर काढा, ऑक्सिजन द्या, वाट बघा.

सलाइन टाकण्याची सवय सगळ्यात चिवट आहे. पाच-दहा मिली सलाइन सोडलं की खोकला येतो, बरंच काही बाहेर येतं आणि काम झाल्याचं समाधान मिळतं. पण बाहेर येतं त्यात पुष्कळसं सलाइनच असतं. काही सलाइन आतच राहतं. श्लेष्मा आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे तो पातळ होत नाही. सॅच्युरेशन घसरतं, आणि ट्यूबच्या भिंतीवरचा जंतूंचा थर सुटून खाली जाण्याची शक्यता वाढते. म्हणून सरसकट सलाइन टाकू नये, अशी दोन्ही गाइडलाइनची भूमिका आहे. इथे मात्र खरोखर शिकवावं लागतं, कारण स्टाफला नियम माहीत असतो पण पटलेला नसतो. "नियमात नाही" म्हणून भागत नाही. डोळ्यांना दिसणारा पुरावा त्यांच्या बाजूचा असतो, त्यामुळे कारण समजावून सांगा आणि पर्याय द्या: ओलावा वाढवणं, कूस बदलणं, गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने नेब्युलायझेशन. पर्याय न देता सलाइनच्या कुप्या काढून घेतल्या तर त्या दुसऱ्या कप्प्यातून येतात.

हात धुण्याबद्दल थोडक्यात, कारण नियमाचा तपशील सगळ्यांनाच माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्यासाठी सांगितलेल्या पाच क्षणांपैकी सक्शनआधीचा क्षण सर्वांत जास्त सुटतो, नंतरचा फारसा सुटत नाही. नंतर हात घाण वाटतात, आधी वाटत नाहीत. ग्लोव्ह घातले म्हणजे हात धुतले, हा समज मोडायला हवा. हँडरबची बाटली बेडच्या पायथ्याशी असेल आणि सिस्टर डोक्याशी उभी असेल, तर ती तिथपर्यंत जाणार नाही. बाटली व्हेंटिलेटरच्या दांड्याला लावा. ओपन सक्शनला, म्हणजे ट्यूब सुटी करून केलेल्या सक्शनला, डोळ्यांचं आणि तोंडाचं संरक्षण स्टाफसाठी आहे, तेही तितक्याच हाताशी हवं. तोंडातल्या स्रावासाठी वेगळी कडक टीप वापरा, आणि तोंडात गेलेला कॅथेटर पुन्हा ट्यूबमध्ये घालायचा नाही. कफ प्रेशर, म्हणजे ट्यूबभोवतीच्या फुग्यातला दाब, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या मर्यादेत आहे ना, हेही मोजलेलं असू द्या. नाहीतर कितीही छान सक्शन केलं तरी वरचा स्राव खाली झिरपत राहतो.

क्लोज्ड सक्शन असेल तर काही पायऱ्या सोप्या होतात आणि काही नव्या चुका येतात. ट्यूब सुटत नाही, त्यामुळे जास्त पीप किंवा जास्त ऑक्सिजनवरच्या रुग्णांसाठी ते सोयीचं. निर्जंतुक ग्लोव्हची गरज नसते, स्वच्छ ग्लोव्ह चालतात, पण हात आधी धुवायचेच. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कॅथेटर पूर्ण मागे न घेणं. त्यावरची खूण प्लास्टिकच्या पिशवीत दिसेपर्यंत मागे घ्यायचा. टोक ट्यूबमध्येच राहिलं तर वाट अरुंद होते, पीक प्रेशर चढतं, अलार्म वाजतो आणि सगळे ब्रॉन्कोस्पाझम शोधत बसतात. धुताना क्रम असा: कॅथेटर पूर्ण मागे, अंगठा दाबून सक्शन चालू, आणि मग बाजूच्या पोर्टमधून सलाइन. आधी सलाइन सोडून नंतर सक्शन दाबलं तर ते सगळं फुप्फुसात जातं. शेवटी व्हॉल्व्ह लॉक करा. बदलण्याची मुदत उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, आणि मुदतीआधी घाण झालं किंवा फाटलं तर लगेच. क्लोज्ड आणि ओपन दोन्ही पद्धती नीट वापरल्या तर सुरक्षित आहेत, असं २०२२ ची गाइडलाइन म्हणते. त्यामुळे चुकांवर उत्तर म्हणून नुसती पद्धत बदलू नका.

रुग्णाशी बोलणं ही पायरी चेकलिस्टमध्ये सौजन्याची म्हणून शेवटी टाकलेली असते. सक्शन दुखतं आणि घुसमटल्यासारखं वाटतं. झोपेच्या औषधावर असलेल्या रुग्णालाही पुष्कळदा ऐकू येत असतं. "आता नळीतून कफ काढणार आहे, खोकला येईल, दहा सेकंदांत संपेल," एवढं वाक्य पुरतं. बोलता न येणाऱ्या रुग्णाचं दुखणं सीपॉटसारख्या (चेहरा, हालचाल वगैरे बघून वेदना मोजणाऱ्या) निरीक्षणाच्या मोजपट्टीवर सक्शनच्या वेळी नोंदवा. आकडा जास्त आला तर पुढच्या सक्शनआधी वेदनाशामकाचा विचार करता येतो.

काही रुग्णांत हे सगळं वेगळ्या हिशोबाने करावं लागतं. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात मेंदूतला दाब प्रत्येक फेरीला चढतो. तिथे फेऱ्या कमीत कमी, वेळ आणखी कमी, मान सरळ, डोक्याची बाजू उंच, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये दाब उतरेपर्यंत थांबणं. रक्त पातळ होण्याच्या औषधांवर असलेल्यांत किंवा प्लेटलेट कमी असलेल्यांत खोल सक्शन टाळण्याचं कारण आणखी मोठं. अशा रुग्णात सिस्टरने चेकलिस्टपेक्षा वेगळं केलं आणि कारण नोंदवलं, तर ती चूक धरू नका. तुमच्या ऑडिटमध्ये "कारणासह बदल" असा रकाना नसेल तर तो घाला.

आता ऑडिटच्या आकड्याबद्दल. सरासरी टक्के काढून काहीच कळत नाही. २० पायऱ्यांपैकी १६ केल्या म्हणजे ८० टक्के, ऐकायला बरं. पण सुटलेल्या चारांत हात धुणं आणि ऑक्सिजन असतील तर ते सक्शन धोक्याचं होतं. मी नऊ पायऱ्या निर्णायक धरते: गरज तपासणं, आधी हात धुणं, आधी ऑक्सिजन, कॅथेटरचा आकार, बंद नळीवर वाचलेलं प्रेशर, निर्जंतुकता, खोली, १५ सेकंद आणि सलाइन न टाकणं. या नऊंचा हिशोब "सगळ्या पाळल्या की नाही" असा वेगळा ठेवा. आणि तो आकडा बघून दचकू नका. प्रत्येक पायरी ९० टक्के वेळा पाळली जात असेल आणि चुका एकमेकींशी संबंधित नसतील, तरी नऊच्या नऊ बरोबर होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरच येतं. म्हणून कमी आकडा दिसला की स्टाफ निष्काळजी आहे असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

शेजारी उभं राहून पाहिलं की माणसं जास्त नीट वागतात, हाही परिणाम धरा. प्रत्येकीची पहिली दोन-तीन निरीक्षणं मोजू नका. दुपारच्या आणि रात्रीच्या पाळीतली निरीक्षणं हवीतच. त्याशिवाय कोणी न बघता कळणारे पुरावे गोळा करा: न सांगता राऊंड मारून प्रत्येक रेग्युलेटर कुठल्या आकड्यावर आहे ते लिहा, महिन्यात कोणत्या नंबरचे किती कॅथेटर संपले ते भांडाराच्या वहीतून काढा, व्हेंटिलेटरच्या नोंदींत १०० टक्के बटण किती वेळा दाबलं ते दिसत असेल तर चार्टवरच्या सक्शनच्या संख्येशी ताडून बघा. या तीन आकड्यांत चेकलिस्टपेक्षा जास्त खरं सापडतं.

मग प्रत्येक सुटलेल्या पायरीसमोर कारण लिहा, आणि ते स्टाफला विचारूनच लिहा, शिक्षेची भीती न घालता. "माहीत नव्हतं" असेल तिथे शिकवा, तेही वर्गात नाही, बेडजवळ एकेकीला. "सामान नव्हतं" असेल तिथे भांडार आणि बायोमेडिकल विभाग. "वेळ नव्हता" असेल तर त्या पाळीत एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरवरचे किती रुग्ण होते ते शेजारी लिहा. दोन-तीन रुग्ण एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरकडून मिनिटभराच्या ऑक्सिजनची अपेक्षा ठेवायची असेल, तर हा कागद घेऊन व्यवस्थापनाकडे तुम्हालाच जावं लागेल. "पटत नाही" असेल तिथे चर्चा, आणि त्या चर्चेत डॉक्टरही हवेत, कारण कित्येक सवयी त्यांच्याच ऑर्डरमधून आलेल्या असतात.

सुरुवात एकाच वेळी नऊ ठिकाणी करू नका. रेग्युलेटरवरची लाल रेघ, बेडवरच्या पाटीवर कॅथेटरचा नंबर आणि खोली, व्हेंटिलेटरवर हँडरब, चार्टचे तीन नवे रकाने: या चार गोष्टींना नवीन मनुष्यबळ लागत नाही आणि त्या आठवड्याभरात होतात. चार आठवडे तशाच चालू द्या, मग त्याच चेकलिस्टने, त्याच पाळ्यांत पुन्हा बघा. जी पायरी तेव्हाही सुटत असेल, तेवढ्याचंच ट्रेनिंग ठेवा.